ढाळ जाळीकडे, पाणी कोपऱ्याकडे

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी गेली दोन वर्षं नियमित वाचते. खरं सांगायचं तर बहुतेकांना मनातल्या मनात एकच उत्तर देऊन पुढे गेले आहे — वायरिंग तपासून घ्या. ज्यांच्या माळ्यावर पावलं वाजतात त्यांनी उंदरांचं बघावं, ज्यांच्या छातीवर कुणीतरी येऊन बसतं त्यांनी रात्रीचं जेवण हलकं ठेवावं, आणि ज्यांना वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते त्यांनी चष्म्याचा नंबर काढावा. माझं मत आजही तेच आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण खालचं वाचून कुणी 'बघा, मॅडमसुद्धा आल्या लाईनवर' असं म्हणू नये. मी लाईनवर आलेली नाही. माझ्या बाथरूममधलं पाणी लाईनवर नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

मी भिवंडीतल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते. राहते पूर्णा गावात. आमचं सासर इथलंच. आता चारी बाजूंनी गोदामं आहेत. सासऱ्यांनी जमीन सगळ्यांच्या आधी विकली, म्हणजे भाव चढायच्या आधी. जे थांबले त्यांच्या बंगल्यांच्या गेटवर सिमेंटचे सिंह बसले. आमच्या गेटवर लाइटच्या मीटरची पेटी आहे. चुलतदीर भगवान भाऊजींच्या बंगल्यात तर जकुझी आहे. त्यात ते पाहुण्यांच्या गाद्या ठेवतात.

आमच्याकडे बाथरूम एकच. घराच्या मागच्या बाजूला, सात फूट बाय पाच, संडास त्यातच. मागच्या भिंतीपलीकडे गोदामाची कंपाउंड वॉल, मध्ये हात जाईल एवढी फट. खाली जुना कोबा होता आणि खिडकीखालच्या कोपऱ्यात ताटाएवढा एक काळा दगड जमिनीत बसवलेला. टाचा घासायला असेल असं मी लग्न होऊन आल्यापासून धरून चालले होते.

एप्रिलमध्ये सासूबाई — आम्ही त्यांना आईच म्हणतो, वय अठ्ठ्याहत्तर — त्या कोब्यावरच्या शेवाळावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण डॉक्टरांनी सुट्टी देताना माझ्याकडे बघून सांगितलं, "पुन्हा पडल्या तर मला करण्यासारखं फार काही राहणार नाही." म्हणून घर नीट होईपर्यंत त्यांना दिघाशीला नणंदेकडे, सुनंदाताईंकडे ठेवलं. ताईंनी अंग पुसायला एक बाई लावली. तिसऱ्या दिवशी ताईंचा फोन.

"वहिनी, आई जेवत न्हाय. ती बाई अंग पुसून गेली की तोंड भिंतीकडं करून पडते."

मी म्हटलं, द्या त्यांना फोन. पलीकडून आवाज आला तो एकदम ठणठणीत. "मना माझी आंघोल माझ्या हातानी करायची हाय. मी काय मढा हाय का, दुसऱ्यानी धुवायला? जमत नसंल तं तसा सांगा. भात नको मना."

त्यांचं वजन तेव्हा एकेचाळीस किलो होतं. म्हणजे प्रश्न साधा होता — आई एकट्या आंघोळ करू शकतील आणि पडणार नाहीत असं बाथरूम, दहा-बारा दिवसांत, माझ्या भिशीच्या पैशांत. मे महिन्याची सुट्टी होती. मी कामाला लागले.

रमाकांत, माझे यजमान, एका गोदामात सुपरवायझर आहेत. तिथे कुठल्यातरी हॉटेलच्या ऑर्डरीतून उरलेल्या अँटी-स्किड टाइल्स पडून होत्या — राखाडी, खरखरीत, आणि मोजून आमच्या बाथरूमपुरत्याच. कमोड एका पाडलेल्या ऑफिसातलं मिळालं. भिंतीला धरायला स्टीलचे दांडे नवे घेतले. मिस्त्री मिळाला मुस्तकीम. वीस वर्षं भिवंडीत. आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, मग टाइलवर. "मॅडम, लूम पे कान गए, टाइल पे घुटने," असं त्याने स्वतःची ओळख करून देताना सांगितलं. पण हात सोन्याचा.

कोबा फोडला, दगड निघाला, सगळं रॅबिट, म्हणजे फोडकामाचा राडारोडा, गोण्यांत भरून टेम्पोने गेलं. कुठल्यातरी नव्या गोदामाच्या भरणीत पडलं असेल. मग मुस्तकीमने लेव्हल पाईप काढला. पारदर्शक नळी, आत पाणी. एक टोक तो धरणार, दुसरं मी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं, त्यावरून भिंतीवर खुणा करायच्या. हेच चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढते. नळी धरायची संधी बावीस वर्षांत पहिल्यांदाच मिळाली, तेव्हा मी कामात जरा जास्तच उत्साहाने मध्ये येत होते हे मान्य आहे.

ढाळ, म्हणजे जमिनीचा उतार, पाणी जायच्या जाळीकडे द्यायचा हे त्याला मी तीनदा सांगितलं. पाणी साचलं की शेवाळ, शेवाळ आलं की आई पुन्हा खाली. तिसऱ्या वेळेला तो म्हणाला, "मॅडम, आप बच्चों को पढ़ाइए. पानी को मैं पढ़ाऊँगा."

टाइल बसल्या. दोन दिवस सुकू दिल्या. मग मिस्त्री लोकांची एक पद्धत असते — मालकाला पाणी दाखवायचं. बादलीभर पाणी एकदम ओतायचं आणि ते सरसर जाळीत जाताना बघत हात झटकायचे. मुस्तकीमने दुपारी आम्हा दोघांना बोलावलं आणि दारातून बादली ओतली.

पाणी जाळीच्या दिशेने निघालं. मध्यापर्यंत गेलं. मग डावीकडे वळलं, खिडकीखालच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथे थांबलं.

मुस्तकीमने हात झटकले नाहीत. त्याने लेव्हल पाईप आणला. कोपरा जाळीपेक्षा पाऊण इंच उंच होता. मी घरातल्या गोट्या आणल्या. कोपऱ्यात ठेवलेली गोटी खुशाल घरंगळत जाळीवर जाऊन थांबली. पाच गोट्या, पाचही. मग पुन्हा पाणी ओतलं. गोट्या जाळीवर, पाणी कोपऱ्यात.

"टाइल में बल होगा," मुस्तकीम म्हणाला, पण त्याच्या आवाजात बळ नव्हतं. त्याने त्याच संध्याकाळी कोपऱ्यातल्या सहा टाइल्स काढल्या, खाली माल भरून कोपरा आणखी चढवला. राखाडी टाइल संपल्या होत्या, म्हणून त्याच्याकडच्या उरलेल्या हिरव्या फुलाफुलांच्या लावल्या. आता चढ डोळ्यांना दिसत होता. तिसऱ्या दिवशी पाणी टाकलं. ते चढलं. हिरव्या फुलांवर जाऊन बसलं, बोटभर खोल, आणि अर्ध्या तासाने हळूहळू नाहीसं झालं. सांधे इपॉक्सीने भरलेले. मागच्या फटीत हात घालून बघितलं, भिंत कोरडी.

मुस्तकीमने टोपी काढून डोकं खाजवलं. "मॅडम, सच बताइए... यहाँ पहले क्या था?"

"बाथरूम," मी म्हटलं.

"अच्छा." तो थोडा विचार करून म्हणाला, "तो पानी जहाँ जाना चाहता है, वहीं जाली लगा दें?"

विचार वाईट नव्हता. पण त्या बाजूला भिंतीपलीकडे गोदाम. पाईप न्यायला जागाच नाही. आणि दुसरं म्हणजे, मला पाण्यापुढे माघार घ्यायची नव्हती. हे जरा बालिश वाटेल. वाटू दे.

पुढचे दोन दिवस मी जे केलं त्याला रमाकांत 'बाथरूमची तोंडी परीक्षा' म्हणतात. गार पाणी, गरम पाणी, साबणाचं, मिठाचं, निळीचं, विकतच्या बाटलीतलं. माझ्या हाताने, त्यांच्या हाताने, मुस्तकीमच्या हाताने. दारातून, खिडकीजवळून, अगदी जाळीच्या कडेला वाकून. सगळं वहीत लिहिलं आहे. सगळं कोपऱ्यात गेलं.

"सोड ना आता," रमाकांत म्हणाले. "वायपर मारू."

"आई मारतील वायपर? एका हातात दांडा, दुसऱ्या हातात वायपर?"

सुनंदाताईंचा फोन रोज येत होता. आई आता चहा-बिस्किटावर आल्या होत्या.

बातमी अर्थातच फुटली आणि भगवान भाऊजी एका वास्तुतज्ज्ञांना घेऊन आले. त्यांच्या कार्डावर सोनेरी अक्षरांत चार पदव्या होत्या, एकही कुठे मिळते ते मला शोधून सापडलं नाही. त्यांनी मोबाइलवर होकायंत्र काढलं आणि ते स्टीलच्या दांड्याशेजारी धरलं.

"ईशान्य," ते गंभीरपणे म्हणाले. "ही देवाची जागा. इथे शौचालय?"

"देवाची सोय झाली असं समजू," मी म्हटलं.

"वहिनी, जरा मान ठेवा," भाऊजी कुजबुजले. "यांनी माझ्या बंगल्याचं सगळं केलंय."

ते जकुझीवरून माझ्या लक्षात आलंच होतं. तज्ज्ञांनी तांब्याचे नऊ पिरॅमिड टाइलखाली पुरायला सांगितले. ते अर्थात त्यांच्याकडेच मिळत होते. मी विचारलं, "पाणी चढावर का जातं ते सांगा."

"ऊर्जेचा प्रवाह उलटा आहे."

"ऊर्जेचं नाही विचारलं. पाण्याचं विचारलं." आणि मी दारातून अर्धी बादली ओतली. ते खिडकीखालच्या कोपऱ्यातच उभे होते, पायात पांढरे मोजे. पाणी शिस्तीत त्यांच्याकडे गेलं. साहेब मोज्यांसकट उडी मारून जाळीवर आले. त्या आठवड्यात योग्य दिशेने गेलेली, गोट्या सोडल्यास, ती एकमेव गोष्ट.

पिरॅमिड आम्ही घेतले नाहीत. पण शुक्रवार उजाडला आणि आईंना आणायचं ठरलंच होतं. त्यांना आणखी ठेवणं शक्य नव्हतं. मी ठरवलं, त्या आंघोळ करतील तेव्हा मी आत उभी राहीन वायपर घेऊन. त्या शिव्या देतील. देऊ देत.

सकाळी दहाला गाडी आली. आई वॉकर धरून उतरल्या, गालफडं बसलेली. घरात न बसता थेट मागे गेल्या. दारातून बाथरूम वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कमोड मोठा हाय," त्या म्हणाल्या. मग, "कोपरा हिरवा कुनी केला?"

"टाइल संपल्या, आई."

"हं. पानी तापव."

"आई, एक अडचण आहे. पाणी नीट जात नाही. मी आत थांबते, तुम्ही —"

"जात न्हाय म्हंजे? पानी हाय तो, जाल नं कुठंतरी. तू भाएर हो."

"घसरलात तर?"

"तं तुझं नाव घेईन. हो भाएर."

दाराची कडी मी आधीच काढून टाकली होती. प्लास्टिकच्या स्टुलावर त्यांना बसवलं, बादली आणि तांब्या हाताशी ठेवला, आणि बाहेर येऊन दाराला कान लावून उभी राहिले, हातात वायपर. शेजारी रमाकांत. ते बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याइतके घाबरलेले.

पहिल्या तांब्याचं पाणी पडलं. आणि मग एक आवाज आला, जो त्या बाथरूममध्ये मी तोवर ऐकलाच नव्हता. गट... गट... गट... जाळीतून पाणी खाली उतरण्याचा.

मी दार चार बोटं उघडलं. आई पाठमोऱ्या बसून खांद्यावर पाणी घेत होत्या. पाणी स्टुलाखालून निघून सरळ, एकाही थेंबाने वळण न घेता, जाळीत जात होतं. हिरवी फुलं कोरडी ठणठणीत.

"दार लाव," आई मागे न बघता म्हणाल्या. "वारा येतंय."

त्या दिवशी त्यांनी दोनदा भात घेतला. मी वाढता वाढता सगळं सांगितलं — गोट्या, मुस्तकीम, मोजे. मोज्यांना त्या हसल्या. मग सहज म्हणाल्या, "तिथं माझ्या चारी पोरांच्या वारा पुरल्यात."

आमच्याकडे जुनी रीत होती. बाळंतपणात नाळेबरोबर पडलेली वार न्हाणीच्या कोपऱ्यात पुरायची, वर दगड बसवायचा, आणि बारा दिवस बाळ-बाळंतिणीच्या आंघोळीचं पाणी त्यावरून जाऊ द्यायचं. मी पुस्तकात वाचलं होतं. आपल्याच घरात वाचायचं राहून गेलं होतं.

"चार? ताई आणि हे, दोनच ना?"

"पहिली दोन न्हाय राहिली. एक सा महिन्यांचा, एक दोन वरसांची." लग्नाला चोवीस वर्षं झाली, हे मला माहीत नव्हतं. रमाकांतना एवढंच माहीत होतं की काहीतरी आहे, विचारायचं नाही.

"मग दगड काढायच्या आधी सांगितलं का नाही, आई?"

"इचारला कुनी? मी दिघाशीला, तुम्ही हितं कोबा फोरत बसलाव." हे मात्र खरं होतं. कमोडची उंची, टाइलचा रंग, दांड्याची जाडी — सगळं मी मोजलं, वाचलं, ठरवलं. ज्या बाईसाठी करत होते तिला एक फोन करून 'हा दगड कसला?' असं विचारलं नाही.

रमाकांतनी ताटातून हात उचलला. "माझी पण आहे तिथे?"

"तुझी शेवटची. सगल्यात वर."

"पण आई, पाणी चढावर कसं जाईल?" मी सोडायला तयार नव्हते.

"त्यांना पानी लागतंय."

"मग तुमचं का नाही जात?"

त्यांनी शांतपणे भात कालवला. "माझा लय पिला त्यांनी. पन्नास वरसं घातलाय मी. आता तुमचा."

हे उत्तर मला फार आवडलं. पण आवडलं म्हणून ते बरोबर ठरत नाही. पाण्याला उतार कळतो. नाती कळत नाहीत. कळत असती तर मुस्तकीमच्या बादलीशी त्या कोपऱ्याचं काय नातं होतं? म्हणून मी दुसऱ्या दिवशी आईंना दारात खुर्चीवर बसवून एकच बादली, एकच तांब्या ठेवला. त्यांनी ओतलं — जाळी. रमाकांतनी ओतलं — कोपरा. मी ओतलं — कोपरा. पुन्हा आई — जाळी. तिसऱ्या फेरीला त्यांनी तांब्या आपटला.

"मी काय तमाशा हाय का गं? शालेत कर जा तुझा."

त्या दिवसापासून प्रयोग बंद. वहीची पुढची पानं कोरी आहेत. विज्ञानात हे बसत नाही, हे मला कळतं. पण ज्या बाईला स्वतःची आंघोळ कुणी बघू नये एवढंच हवं होतं, तिच्यासमोर तक्ते भरत बसणं मलाच बरं वाटेना.

लोकांनी मात्र प्रयत्न सोडले नाहीत. महिन्याभरात आळीतल्या तीन बाया ओटी घेऊन आल्या. भाऊजींनी कोपऱ्याला छोटा संगमरवरी कट्टा आणि वर पितळी घंटा सुचवली, खर्च त्यांचा. मी म्हटलं, भाऊजी, तिथे कमोड आहे, आरतीच्या वेळी कुणी बसलेलं असलं तर घंटा कुणी वाजवायची? बायांना आईंनीच परत पाठवलं. वॉकरवर उभ्या राहून, दारातूनच. "माझी आंघोलीची जागा हाय ती. देऊल न्हाय. जावा घरी."

मुस्तकीम पावसाळ्यात एकदा येऊन गेला. त्याला ते काम खात होतं. दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे कुणीतरी सांगितलं होतं की याचा ढाळ उलटा पडतो. त्याने पुन्हा लेव्हल लावली, समाधानाने मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, लिखके दो." मी वहीचा कागद फाडून लिहून दिलं — बाथरूमचा ढाळ बरोबर आहे, मी स्वतः मोजला आहे. खाली सही, हुद्दा. तो कागद त्याने घडी करून खिशात ठेवला. पाण्याविषयी त्यात काही लिहिलं नाही. त्याने मागितलंही नाही.

आई आता वॉकरशिवाय चालतात. आंघोळ रोज एकट्या करतात. एकदाही घसरल्या नाहीत. आमच्या आंघोळीनंतर आम्ही वायपर मारतो आणि तरी राहिलेलं पाणी अर्ध्या तासाने जातं. कुठे, माहीत नाही. मला स्पष्टीकरण सापडलेलं नाही. ज्यांच्याकडे आहे असं वाटतं त्यांचं ऐकून घेतलं, आणि त्यातही सापडलेलं नाही.

एकच गोष्ट उरली. नरकचतुर्दशीला पहाटे आईंनी मला हाक मारली. स्वतः न्हाऊन, कोरडं लुगडं गुंडाळून स्टुलावर बसल्या होत्या. "ये. तेल लावते." मी म्हटलं, आई, मी करीन माझं. "बस खाली," त्या म्हणाल्या. सहा महिन्यांपूर्वी जी बाई दुसऱ्याचा हात अंगाला लागला म्हणून जेवण टाकून बसली होती, तिने मला ओल्या टाइलवर बसवून डोक्याला तेल चोळलं, पाठीला उटणं लावलं, आणि एका हाताने दांडा धरून दुसऱ्या हाताने तांब्यामागून तांब्या माझ्या डोक्यावर ओतला.

पाणी त्यांच्या हातचं आणि आंघोळ माझी. म्हणजे ते जाळीकडे जाणार की कोपऱ्याकडे? एवढा स्वच्छ प्रयोग मला पुन्हा मिळणार नव्हता. मान थोडी वळवली असती तरी दिसलं असतं.

मी डोळे उघडले नाहीत. उटणं गेलं होतं डोळ्यांत.